एका मोटारीची दोन चोरबटणं

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. मला काठी नाही, शिट्टी नाही, मिशाही नाहीत. मोटारीच्या स्टिअरिंगखाली, चालवणाऱ्याच्या मोज्यांचा वास बरोबर पोचेल अशा जागी, एक काळी डबी बसवलेली असते. ती डबी म्हणजे मी. कारखान्यात माझं नाव इमोबिलायझर असं ठेवलं. ज्यांना ते उच्चारता येत नाही ते मला 'सिक्युरिटी' म्हणतात. ज्यांची गाडी माझ्यामुळे अडते ते जे म्हणतात, ते तुमच्यासमोर सांगण्यासारखं नाही.

माझं काम समजायला सोपं आहे. किल्लीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. किल्ली कुलपात घालून फिरवली, की मी हळूच विचारतो, "कोण?" चिप आपला गुप्त आकडा सांगते. आकडा जुळला, की मी इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी यांची परवानगी देतो. जुळला नाही, तर मी गप्प बसतो आणि समोरचा लाल दिवा लुकलुकवतो. मग किल्ली फिरवणाऱ्याचं मनगट निखळलं तरी इंजिन हूं की चूं करत नाही.

कारखान्यात मला भट्टीत भाजलं, बर्फात गोठवलं आणि एका यंत्रावर ठेवून गदागदा हलवलं. मला वाटलं, माझ्या हातून काही गुन्हा घडला असावा. नंतर कळलं, याला चाचणी म्हणतात. तो माझ्या आयुष्यातला पहिला धक्का. "सगळ्यात उत्तीर्ण," असा शिक्का मारून मला खोक्यात घातलं, आणि चोरांच्या जगात पाठवलं.

आता खरं सांगतो. इतक्या वर्षांत माझ्याकडे एकही चोर आला नाही. मी अडवले ते सगळे सज्जन.

त्यातले पहिले सज्जन म्हणजे गाडीचे मालक. घरात त्यांना सगळे बाबा म्हणत. गाडीबरोबर दोन किल्ल्या मिळाल्या होत्या, तरी बाबांनी नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडून तिसरी करून आणली. दात हुबेहूब, पण डोकं रिकामं. मी विचारलं, "कोण?" उत्तर नाही. मी गाडी सुरू होऊ दिली नाही. बाबा चिडतील असं मला वाटलं होतं. पण ते खाली उतरले आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले, "अहो, मलाच सोडत नाही! खुद्द मालकाला! याला म्हणतात इमान." परत येऊन त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "शाबास रे गड्या!" माझ्या नोकरीतली ती एकुलती एक शाबासकी. मी ती अजून पुरवून पुरवून वापरतो.

मग बाबा गेले. गाडी दोन मुलांची झाली. थोरल्याला सगळे दादा म्हणत, धाकट्याला धाकटा. दोघांचे संसार एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दारांत. आई दोन्ही घरची. म्हणजे जेवायला इकडे, झोपायला तिकडे, आणि ऐकून घ्यायला दोन्हीकडे. दोघांकडे एकेक किल्ली होती. ठरलं असं, की गाडी एक आठवडा दादाची, एक आठवडा धाकट्याची. ताबा बदलायचा रविवारी.

रविवारी केव्हा, हे मात्र ठरलं नाही. देशांच्या सीमा अशाच आखतात म्हणे.

आठवडा कुणाचाही असो, गाडीवर नजर दोघांची असे. "काल रात्री तुझ्या आठवड्यात पेट्रोलचा काटा निम्म्यावर होता," असं दादा म्हणे. "टायर तुझ्याच आठवड्यात बसतो कसा रे नेहमी?" असं धाकटा म्हणे. मग एकदा धाकट्याने दादाच्या आठवड्यात, न विचारता, गाडी नेली. परत आणताना सीट मागे सरकवून ठेवली. दादाला सगळं कळलं, कारण त्याचे पाय आखूड आहेत.

दुसऱ्याच दिवशी दादा गाडी घेऊन वायरमनकडे गेला. हा वायरमन मोटारींच्या तारांचं काम करणारा. कानावर पेन्सिलीसारखा टेस्टर आणि तोंडात सतत "काळजीच सोडा". दादाने इकडेतिकडे बघत विचारलं, "एखादं गुपचूप बटण बसवता येईल? मी दाबल्याशिवाय गाडी चालूच होता कामा नये."

"चोरबटण! काळजीच सोडा. चोरांचा सुळसुळाट आहे का तुमच्याकडे?"

"आहे एक," दादा म्हणाला.

वायरमनने माझ्याकडे येणारी लाल तार पाहिली. ती माझी अन्ननलिका. बॅटरीची वीज तिच्यातूनच माझ्यापर्यंत येते. त्याने ती कापली, दोन टोकं सीटखाली गालिच्याआड नेली आणि तिथं बटण बसवलं. बटण बंद केलं की माझी वाचा जाई; बॅटरी जागेवर असेतो मला दिसे, ऐकू येई, पण "कोण?" विचारता येत नसे. मी मुका, मग किल्ली कुणाचीही असो, गाडी ढिम्म. तारा त्याने नुसत्या पिळल्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. मी थक्क झालो. चोरांसाठी ठेवलेल्या पहारेकऱ्याचा गळा घरच्या माणसाने का दाबावा, हे मला कळेना. जाताना दादा म्हणाला, "कुणाला बोलायचं नाही हं. धाकट्याला तर नाहीच."

"आपण म्हणजे दगड," वायरमन म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा त्याच दारात उभी राहिली. या खेपेला उतरला धाकटा. इकडेतिकडे बघत त्यानेही तेच विचारलं. वायरमनला जोराचा ठसका लागला. पण दगडाला बोलता येत नाही. त्याने तीच लाल तार, आधीच्या जोडापासून वीतभर अंतरावर, पुन्हा कापली. पुन्हा पीळ, पुन्हा चिकटपट्टी. हे बटण डॅशबोर्डमधल्या कागदपत्रांच्या खणामागे. धाकटा जाताना म्हणाला, "दादाला कळता कामा नये."

मित्रांनो, मला पाय नाहीत, तरीही त्या दिवशी माझ्या पायाखालची जमीन सरकली. एकाच घरात दोन मालक, आणि दोघांच्या लेखी चोर एकच: सख्खा भाऊ!

काही महिने हे गुण्यागोविंदाने चाललं. आपल्या आठवड्यात आपलं बटण, ताबा देताना ते गपचूप चालू करून ठेवायचं. दोघं निवांत झोपू लागले. घरात एकोपा आला असं आईला वाटलं.

आईला नीट दिसत मात्र नव्हतं. उजवा डोळा आधीच कामातून गेलेला, आणि डाव्यात मोतीबिंदू पिकलेला. दवाखान्यात डोळ्यांचे मोठे डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातल्या एकाच रविवारी येत, आणि जेवायच्या आत परत जात. पहिल्या खेपेला आई तयार होऊन गॅलरीत बसली. दादाला वाटलं, आज सकाळपासून गाडी धाकट्याची, तो नेईल. धाकट्याला वाटलं, दुपारपर्यंत गाडी दादाची, तो नेईल. आई दुपारपर्यंत बसून राहिली आणि मग साडी बदलून डाळ निवडायला बसली. खडे दिसत नव्हते, ती बोटांनी चाचपत होती. दुसऱ्या खेपेला नेमकं तेच झालं. तेव्हा डॉक्टरांनी निरोप धाडला: "आता पुढं ढकललंत तर डोळा जाईल. मग मला बोल लावू नका."

त्या निरोपाने दोघांना खडबडून जाग आली. इतकी, की तिसऱ्या रविवारी दोघांनीही ठरवलं, आईला मीच नेणार. आणि दुसऱ्याने पहाटेच गाडी पळवू नये, म्हणून शनिवारी दिवेलागणीला आधी एक खाली येऊन आपलं बटण बंद करून गेला. थोड्या वेळाने दुसराही आला.

रविवारी सकाळी आई मागच्या सीटवर येऊन बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत औषधं आणि एक पांघरूण. दादा पुढे बसला, त्याने सीटखाली हात घालून हळूच बटण चालू केलं आणि किल्ली फिरवली. काही नाही. लाल दिवासुद्धा नाही. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं बटण तर चालू आहे!

"दादा, उतर. मी बघतो," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात विजय मावत नव्हता. दादा उतरला, पण उतरता उतरता सवयीने आपलं बटण बंद करून उतरला. धाकट्याने खणामागे हात घातला, बटण चालू केलं, किल्ली फिरवली. काही नाही. आता त्याचाही चेहरा उतरला.

"तू काय केलंस गाडीला?"

"मी? आत्ता तूच बसला होतास ना!"

वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून ओरडले, "अरे, धक्का मारा, धक्का!" धक्का सगळ्यांना बसलेला होता, त्यात आणखी कुठं भर घालणार?

"रिक्षा बोलवायची का रे?" मागून आईने विचारलं.

"घरची गाडी असताना रिक्षा?" दोघं एकदम म्हणाले. त्या सकाळी त्यांचं एकमत झालं ते एवढंच. "या सिक्युरिटीनंच घोळ घातलाय," असा ठपका माझ्यावर ठेवून त्यांनी वायरमनला बोलावलं.

वायरमन आला. गाडी पाहिली, दोघा भावांना शेजारी शेजारी उभं पाहिलं, आणि त्याच्या कानावरचा टेस्टर खाली पडला. बिचाऱ्याला दुखणं ठाऊक होतं, औषध ठाऊक होतं, पण दोघांनाही शब्द दिलेला. मग त्याने जो काही तपास केला, तो रंगभूमीवर शोभला असता. हॉर्न वाजवला. दिवे लावले. "बॅटरी चांगली," असं जाहीर केलं. फ्यूज एकेक काढून उजेडात धरले आणि त्यांच्याकडे तत्त्वज्ञासारखं पाहिलं.

"दादा, जरा प्यायला पाणी आणता?" तो म्हणाला. दादा गेला. "धाकटेसाहेब, तुमचं ते चालू करा ना लवकर!"

"चालूच आहे हो!"

दादा पाणी घेऊन आला. "धाकटेसाहेब, जरा चिंधी मिळेल?" धाकटा गेला. "दादा, तुमचं ते..."

दादाने मुकाट्याने हात खाली घातला. आता दोन्ही बटणं चालू. वायरमनने घाम पुसला आणि किल्ली फिरवली.

लाल दिवा लागला, पण मरतुकडा. दोनदा लुकलुकला आणि विझला. इंजिन थंडच.

वायरमन हादरला. आतापर्यंतचं नाटक होतं, ही बाब खरी होती. आधी दिवा मुळीच लागत नव्हता, म्हणजे माझ्यापर्यंत वीज येतच नव्हती. आता लागतोय, पण अशक्त, म्हणजे वीज निघते आणि वाटेत कुठंतरी गळते. मी उपाशीपोटी "कोण?" विचारतही होतो, पण चिपचं उत्तर ऐकायचं त्राण माझ्यात नव्हतं. त्याने मीटर काढला. बॅटरीपाशी वीज भरपूर. किल्ली चालू ठेवून माझ्यापाशी मोजली, तर निम्मी. मग तो उताणा होऊन डॅशबोर्डखाली शिरला, आणि आपल्या हातांनी लपवलेल्या तारा सर्वांसमक्ष ओढून काढण्यावाचून त्याला गत्यंतर उरलं नाही.

चिकटपट्टी सुटून लोंबत होती. ओल्या गालिच्याच्या दमटपणाने दोन्ही जोड हिरवे पडले होते. बोट लावताच पहिला जोड भुगा झाला. तार ओढली, तर सीटखालून एक बटण बाहेर आलं. आणखी ओढली, तर खणामागून दुसरं. एकाच तारेला, वीतभर अंतरावर, दोन बटणं लोंबत राहिली.

वरचे काकासुद्धा कठड्यावरून वाकून बघू लागले.

"हे कुणाचं?" दादाने विचारलं.

"आणि हे?" धाकट्याने विचारलं.

"काळजीच..." वायरमन म्हणाला, आणि पुढचं गिळलं.

"मला चोर समजतोस तू?"

"तू काय समजलास मग मला? साधू?"

"बाबांच्या गाडीला बटण लावतोस?"

"तू आधी लावलंस!"

"कशावरून मी आधी?"

दोघांनी वायरमनकडे पाहिलं. वायरमन म्हणाला, "बॅटरी काढतो. सोल्डरचा डाग द्यायचा तर वीज बंद पाहिजे." आणि त्याने घाईघाईने बॅटरीची तार उचकटली. भांडण ऐकवत नव्हतं म्हणून, की कामासाठी, देव जाणे. त्यानंतर काय झालं ते मला ठाऊक नाही. मी बेशुद्ध होतो.

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या नळीत वीज खळाळत होती. बटणं गेली होती, जोड सोल्डरने पक्के झाले होते. "कोण?" मी विचारलं. चिपने ठणठणीत आवाजात आकडा सांगितला, आणि इंजिन असं सुरू झालं की जणू कधी बंदच नव्हतं. "पळा आता, डॉक्टर जायच्या आत पोचा!" वायरमन ओरडला. दादाने गाडी काढली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच धाकटा त्याच्या शेजारी बसला.

गाडी नाक्यापर्यंत आली. मग दादा म्हणाला, "आई, चुकलं माझं."

मागून उत्तर नाही.

"आई, माझंही," धाकटा म्हणाला. "पण सुरुवात..."

"सुरुवात मीच केली," दादा म्हणाला. "तू गाडी न विचारता नेलीस ना, त्याचा राग नव्हता रे. बाबा तुलाच शेजारी बसवून न्यायचे. मला वाटायचं, गाडी तरी माझी असावी."

धाकट्याने काच खाली केली. मग हळू आवाजात म्हणाला, "शेजारी बसवायचे ते मला गाडी लागायची म्हणून. रस्ताभर तुझीच पारायणं करायचे. दादा असं करतो, दादा तसं करतो. मला वाटायचं, उडी मारावी."

मागे शांतता.

"आई, ऐकतेयस ना?"

"बोलत नाहीये. फारच चिडलीय," दादा पुटपुटला.

"मागं वळून बघ ना."

"मी गाडी चालवतोय. तू बघ."

"माझी छाती होत नाही. आरशात बघ."

"तिची नजर नको म्हणून आरसा मघाशीच वर केला मी."

मग दोघांनी दवाखाना येईपर्यंत आळीपाळीने माफी मागितली. दोन चुकवलेल्या रविवारांची मागितली. समोरासमोरच्या दारांची मागितली. धाकटा तर रडलाच. मी डॅशबोर्डखाली बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, माउली, आता तरी विरघळ. इतकं कठोर काळीज मी कारखान्यातही पाहिलं नव्हतं.

गाडी दवाखान्याच्या पोर्चमध्ये थांबली. दोघं दोन बाजूंनी उतरले आणि दोघांनी एकदमच मागची दारं उघडली.

सीट रिकामी होती.

"आई?" धाकटा सीटखाली वाकून बघू लागला, जशी काही तीही एखादी तार होती. दादाने डिकी उघडून पाहिली. अहो, मी पहारेकरी! माझ्या नाकाखालून स्टेपनी गेली नव्हती कधी, आणि आख्खी आई गेली? या सबंध मोटारीत चोरीला जाण्यासारखं एवढंच होतं, आणि त्या वेळी आम्ही सगळेच तारेकडे बघत होतो!

दवाखान्याचा वॉचमन पुढे आला. "आजींची मुलं का तुम्ही? त्या केव्हाच आल्या. रिक्षावाल्यानं हात धरून आत नेऊन बसवलं. डोळ्यांत थेंब घालून झालेत, आता आत घेतीलच."

"एकटी?" दादाने विचारलं.

"हो. सोबत कोण आहे विचारलं, तर म्हणाल्या, मुलं कामात आहेत."

दोघं जे धावले, ते दारं उघडीच टाकून. त्या दिवशी मला कुणीही चोरून नेलं असतं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा चष्मा लावून आई मागच्या सीटवर येऊन बसली. या खेपेला दोघांनीही वळून वळून खात्री केली.

"आई, तू उतरलीस कधी?" धाकट्याने विचारलं.

"'तू आधी' चाललं होतं तेव्हा. डॉक्टर निघून गेले असते रे. दार हळू लावलं, तुमच्या बोलण्यात व्यत्यय नको म्हणून."

"रिक्षानं का गेलीस पण?"

"रिक्षाला एकच दांडा होता. ओढला, सुरू झाली."

दोघं खाली बघू लागले. गाडीत ऊन आलं होतं. आईने चष्मा थोडा वर केला. आधी दादाकडे पाहिलं, मग धाकट्याकडे, मग पुन्हा दादाकडे.

"अगं बाई! अरे, तुझे केस कधी पिकले? आणि तुला हे टक्कल? आणि गालाला काय झालं?"

धाकट्याचा हात आपसूक टाळूवर गेला.

"मी आपली गप्प होते," आई म्हणाली, "दोन पोरं भांडतायत, भांडू देत, मोठी होतील म्हणून. तुम्ही तर म्हातारे निघालात रे!"

दादाने किल्ली फिरवली. मी "कोण?" विचारलं आणि चिपने आकडा सांगितला. त्या दिवशी प्रथमच मला वाटलं, नुसता आकडा ऐकून माणूस ओळखल्याचा आव आणणं काही खरं नाही.

मित्रांनो, मी आता खरोखरच जुना झालो आहे. रविवारी ताबा बदलत नाही. ज्याला निकड असेल तो समोरच्या दारावर टकटक करतो. भांडणं होतात, पण मोठ्याने होतात. तुम्हाला माझी विनंती एवढीच. तार कापायची वेळ आणू नका. आलीच, तर नुसती पिळून वर पट्टी गुंडाळू नका, सोल्डरने नीट जोडून घ्या. झाकलेला जोड आतून हिरवा पडतो आणि नेमका निकडीच्या दिवशी दगा देतो. आणि माझ्यासारख्या डबीवर घर सोपवून निर्धास्त झोपू नका. मला फक्त किल्ली कळते. सीटवर कोण बसलं आहे, कोण उठून गेलं आहे, हे तुमचं तुम्हालाच बघावं लागेल.